दहा लाख रोजगार, पण मस्टरवर नाव कुणाचे?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. खर्च ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत, नऊ कंटेनर टर्मिनल. त्याआधी जूनमध्ये प्रकल्पाला मंजुरी देताना केंद्रीय मंत्रिमंडळाने जाहीर केले होते, की प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे दहा लाख लोकांना रोजगार मिळू शकेल.

दहा लाख! आकडा ऐकून कुणीही दबून जावे. पण त्यात बायका किती, पुरुष किती? कायम किती, कंत्राटी किती? महिन्याच्या पगारावर किती आणि संध्याकाळी हातावर टेकवलेल्या रोजावर किती? ही फोड कुणी सांगत नाही. आकडा जितका मोठा, तितका त्यात बाईला लपवणे सोपे.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. १९६९ साली तारापूरला अणुवीज तयार होऊ लागली. बोईसरला औद्योगिक वसाहत आली. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. प्रत्येक वेळी रोजगाराचे आश्वासन होते. आणि प्रत्येक वेळी इथल्या बहुसंख्य बायकांच्या वाट्याला काय आले? कॉलनीतली धुणीभांडी, कारखान्यांतले कंत्राटी पॅकिंग आणि साफसफाई. विजेचा प्रकल्प आला, पण वीजतंत्री झालेल्या आपल्या मुली बोटांवर मोजाव्या लागतात. आता समुद्रात बांधकाम होणार, तेव्हाही हेच होणार का?

समुद्रातले बांधकाम म्हणजे काय काम, ते आधी समजून घेऊ. तळातली रेती उपसणारे ड्रेजर असतात, त्यावर अधिकारी, इंजिनवाले, खलाशी. खांब ठोकणारी यंत्रे आणि क्रेन असतात, त्यांचे ऑपरेटर. पाण्याखाली उतरणारे पाणबुडे, वेल्डर, खोली मोजणारे सर्वेक्षक, सुरक्षा अधिकारी. या कामांना प्रशिक्षण लागते, दाखला लागतो. म्हणूनच त्यांना महिन्याचा पगार असतो, भत्ता असतो, भविष्यनिर्वाह निधी असतो, बढती असते. आज हेल्पर म्हणून चढलेला उद्या ऑपरेटर होतो.

आणि बाईचे काम? खडी भरणे, घमेले वाहणे, काँक्रीटवर पाणी मारणे, झाडलोट, मजुरांचा स्वयंपाक. यात बढती नाही. पहिल्या दिवशी घमेले आणि विसाव्या वर्षीही घमेलेच. आधी मान झिजते, मग कंबर, मग नाक्यावरचा मुकादम म्हणतो, आता तुला जमणार नाही.

समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ पासून देशात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातल्या वेतनसंहितेतही मजुरी देताना स्त्री-पुरुष भेद करायला मनाई आहे. मग बाईला कमी का मिळते? कारण काम समान होऊच दिले जात नाही! मजुरीचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा पायऱ्यांवर ठरतात. पुरुष गवंड्याच्या हाताखाली काम शिकतो आणि वरच्या पायरीवर जातो. बाईला थापी हातात धरू देत नाहीत. मग ती अकुशल, म्हणून मजुरी कमी. कायदा मोडला असे कागदावर कुठेच दिसत नाही.

कौशल्य म्हणजे तरी काय, हे कोण ठरवते? वाढवण, वरोर, गुंगवाड्याच्या मांगेला, वैती, कोळी बाईला उधाण कधी आणि भांग कधी हे कॅलेंडर न बघता कळते. ओहोटीला कुठला खडक उघडा पडतो, कुठे पाय रुततो, ते तिच्या पायांना ठाऊक असते. बोंबील किती वाळला, कुठल्या बाजारात काय भाव मिळेल, किती उधारी द्यायची, हा सगळा धंदा तिच्या डोक्यात चालतो. पण नोकरीच्या अर्जावर तिच्या नावापुढे एकच शब्द पडतो, अकुशल.

दुसरी फसवणूक मस्टरवर होते. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या वारली, कातकरी बायका दिवाळीनंतर 'जगायला' बाहेर पडतात. वीटभट्टीवर, बांधकामावर 'जोडी' ठरते. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब नवऱ्याच्या नावावर. राबतात दोघे, हजेरी लागते एकाची. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जिचे नाव मस्टरवरच नाही, तिला दाखला कोण देणार? बाळंतपणाची मदत, मुलांची शिष्यवृत्ती, सगळे त्या एका दाखल्यावर अडते. म्हणजे तिची मजुरी तर जातेच, पण तिने काम केले याचा पुरावाही जातो.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात इमारतींबरोबर बंधारे आणि जलवाहतुकीची बांधकामेही धरली होती. पन्नासहून अधिक बायका कामावर असतील तिथे पाळणाघर हवे, असेही त्यात होते. पण वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे बायका वाटून दिल्या, की कुणाकडेच पन्नास भरत नाहीत. हा हिशेब कंत्राटदाराला चांगला येतो.

नाक्यावर घमेले वाहणाऱ्याला आजही 'बिगारी' म्हणतात. हा शब्द कुठून आला, हे या जिल्ह्याला सांगायला नको. १९४५ साली तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी वेठबिगारी झुगारली, गवतकापणीची मजुरी वाढवून मागितली, गोळ्या झेलल्या. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये तो इतिहास लिहून ठेवला आहे. वेठ गेली, पण बाईच्या बाबतीत बिगार अजून शिल्लक आहे.

आता आपल्याला विचारले जाणारे दोन प्रश्न.

पहिला, बायकांना हे काम झेपेल का? डोक्यावर माशांची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीत चढणारीला हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. जड काम बाईला झेपत नाही, असे कुणी म्हणत नाही. चांगल्या पगाराचे काम तिला झेपत नाही, एवढेच म्हणतात! २०१५ साली बंगालच्या उपसागरात वादळी समुद्रात भरकटलेल्या होडीतल्या सात मच्छीमारांना वाचवले, ते कप्तान राधिका मेनन यांच्या जहाजाने. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरीही २०२१ च्या मोजणीत जगभरच्या खलाशी-अधिकाऱ्यांत बायका दोन टक्केही नव्हत्या. अडचण ताकदीची नाही, दार बंद असण्याची आहे.

दुसरा प्रश्न अधिक टोचणारा आहे आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. बंदराला विरोध आहे ना, मग नोकऱ्या कशाला मागता? ज्यांची मासेमारी जाणार, त्यांचा विरोध आम्ही आमचा मानतो. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने याच ठिकाणचे बंदर नाकारले होते, आणि त्याच प्राधिकरणाने २०२३ साली परवानगी दिली, हेही आम्ही विसरलेलो नाही. पण मजुरी मागणे म्हणजे संमती देणे नव्हे. खडी वाहायला आपल्याच बायका लागणार आहेत. 'आमचा विरोध आहे' म्हणून त्यांच्या मजुरीकडे पाठ फिरवली, तर फायदा फक्त कंत्राटदाराचा. आणि उलटही तितकेच खरे: नोकरी दिली म्हणजे समुद्राचा मोबदला फिटला, असे आम्ही कुणालाही म्हणू देणार नाही.

मोबदल्याचेही असेच आहे. बुडालेली मासेमारी मोजायला निघाले, की होड्या मोजतात. होडी पुरुषाच्या नावावर. मासळी निवडणारी, वाळवणारी, विकणारी बाई कुठल्या रकान्यात? होडी थांबली, की तिचाही धंदा थांबतो. पण ती मच्छीमाराची बायको ठरते, मच्छीमार ठरत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात:

१. प्रत्येक कंत्राटदाराच्या मस्टरवर प्रत्येक बाईचे स्वतंत्र नाव आणि मजुरी तिच्याच खात्यात. 'जोडी'चा हिशेब बंद.

२. कामगारांची आकडेवारी दर तीन महिन्यांनी गावात जाहीर व्हावी: स्त्री किती, पुरुष किती, कुठल्या कामावर, कुठल्या दराने.

३. क्रेन, वेल्डिंग, सर्वेक्षण, जहाजावरचे काम यांच्या प्रशिक्षणात मुलींसाठी जागा, विद्यावेतन आणि वसतिगृह. शिवणकाम आणि ब्युटीपार्लरवर आमची बोळवण नको.

४. पाळणाघर, संडास आणि लैंगिक छळाविरुद्धची समिती पहिल्या दिवसापासून. बायका किती आहेत हे सगळ्या कंत्राटदारांचे मिळून मोजावे. नव्या संहितेने संमतीने रात्रपाळीला परवानगी दिली आहे, पण घरी पोहोचवणारी गाडी नसेल तर त्या संमतीला काय अर्थ?

५. मासळी विकणाऱ्या, वाळवणाऱ्या बाईची मच्छीमार म्हणून तिच्या नावाने नोंद आणि तिच्या नावाने मोबदला.

हे अशक्य आहे, असे कुणी म्हणेल. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने १९७७ सालीच बाईला आणि पुरुषाला एकच दर दिला. खडी फोडणारीला जे देता आले, ते हजारो कोटींच्या कामावर देता येत नाही?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना एक काम करून या. आपल्या पाड्यातल्या, आळीतल्या किती बायका कुठल्या कामावर जातात, रोज किती मिळतो आणि मस्टरवर नाव कुणाचे आहे, ते वहीत लिहून आणा. सरकार फोड करत नाही ना? मग आपणच करू. दहा लाखांच्या आकड्यापुढे आपली वही ठेवू आणि विचारू, यातली आमची नावे दाखवा.