दांडी नसलेली सायकल

'दांडी' या शब्दाला आम्हा विद्यार्थ्यांच्या कोशात एकच अर्थ आहे आणि तो प्राध्यापकवर्गाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. प्रस्तुत लेखातील दांडी मात्र निराळी. सायकलच्या सीटपासून हॅण्डलपर्यंत जी आडवी नळी जाते, ती ही दांडी. ती असली की सायकल 'जेन्ट्स' आणि नसली की 'लेडीज', असा आपल्याकडचा शास्त्रार्थ आहे. आता बॅटरीवर चालणाऱ्या सायकली बाजारात आल्या आहेत. त्यांत मधली नळी खाली झुकवलेल्या, दिसायला देखण्या अशाही पुष्कळ आहेत. पण दुकानात गेलेला आमचा मित्र त्यांच्याकडे पाहून म्हणतो, "छान आहे, पण ताईसाठी!" या 'पण'विषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

ही दांडी काही पुरुषार्थाची खूण म्हणून जन्माला आली नाही. नळ्यांचे त्रिकोण जोडून केलेला सांगाडा कमी वजनात अधिक मजबूत राहतो, एवढेच तिचे कारण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांतील घोळदार झग्यांच्या स्त्रियांना सायकलवर बसता यावे म्हणून ती नळी खाली वाकवण्यात आली. त्यामुळे सांगाडा थोडा लवचिक होतो. त्याची भरपाई जाड नळी वापरून करावी लागते. बॅटरीच्या सायकलला तशीही जाड नळी लागतेच, कारण पुष्कळदा बॅटरी तिच्यातच बसवलेली असते. म्हणजे दांडीचे मूळ कारण बव्हंशी संपले. उरला तो केवळ संकोच.

हा संकोच आपल्या वडीलधाऱ्यांनी एकदा सहज बाजूला सारला होता, हे आपण विसरलो. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. मध्ये दांडी नाही, पाय उचलून पलीकडे टाकण्याची कसरत नाही, पेट्रोल संपले तर पेडल मारावे आणि घर गाठावे! त्या लूनावर शिक्षक बसले, कारकून बसले, दूधवाले बसले आणि नऊवारी-पाचवारी नेसलेल्या बायकाही बसल्या. तिला कुणी 'बायकी' म्हटले नाही, कारण ती सर्वांच्या उपयोगाची होती. जपानमध्ये १९५८ साली निघालेली होंडाची सुपर कब हीसुद्धा याच धाटणीची. २०१७ पर्यंत तिची १० कोटींहून अधिक वाहने तयार झाली. एवढे सगळे ग्राहक लेडीज होते काय?

आता आपल्या गावाकडे येऊ. रत्नागिरीत सपाट रस्ता शोधावा लागतो. खाली मांडवीचा किनारा, वर मारुती मंदिर. बाजारातून वर यायचे तर चढ चुकत नाही. साध्या सायकलने कॉलेजला पोचलेला विद्यार्थी पहिल्या तासाला घाम पुसण्यातच गुंतलेला असतो. म्हणूनच आपल्याकडे सायकल मागे पडली. बॅटरीचा खरा उपयोग येथे वेगासाठी नाही, चढासाठी आहे. हिशेब साधा आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी खुशाल तपासून पाहावा. स्वार, दप्तर आणि सायकल मिळून १०० किलो धरा. ५० मीटर उंची चढायला निव्वळ १४ वॅट-तास ऊर्जा लागते. मोटरमधली तूट धरून २० म्हणू. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास ऊर्जा मावते आणि ती पूर्ण भरायला वीज लागते अर्ध्या युनिटहूनही कमी. चहाच्या एका कपाची किंमत लक्षात घेता हा व्यवहार वाईट नव्हे.

मग निवडताना पाहावे काय? रंग आणि चकाकी सर्वांत शेवटी. प्रथम बसून पाहावे. दोन्ही पाय जमिनीला टेकतात काय, साडीत, सलवारीत अथवा गुंडाळलेल्या लुंगीत चढता-उतरता येते काय, मागे दप्तर किंवा तांदळाची पिशवी बांधली असता पाय अडखळत नाही ना, हे पाहावे. मागे ओझे असताना पाय मागून फिरवण्याऐवजी मधून घालता येणे हे किती सुखाचे, ते बाजार करणाऱ्यालाच कळते. दुसरे, मोटर. मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेली मोटर स्वस्त असते. पण खड्या चढावर तिला आपल्या पायांची मदत हवीच. पेडलच्या आसापाशी बसवलेली मोटर गिअरचा फायदा घेते, म्हणून चढावर सरस. पण किंमत जास्त. तिसरे, आपला पाऊस. ओल्या रिमवर रबरी ब्रेक घसरतात. डिस्क ब्रेक असलेले बरे. बॅटरी काढून घरात नेता येते काय हेही पाहावे, कारण आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि ओल्या पडवीत चार्जर लावणे शहाणपणाचे नाही. खारी हवा आणि जांभ्याचा लाल चिखल साखळीला खातात. ती पुसून तेल देण्याची तयारी नसेल तर कोणतीच सायकल घेऊ नये. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे : बिघडली तर दुरुस्त कोण करणार? कोल्हापूरला पाठवा असे उत्तर आले तर नमस्कार करून बाहेर पडावे.

कायद्याचेही एक कलम ध्यानात असू द्यावे. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरीवाचून वजन ६० किलोपर्यंत आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची संमती, एवढे असेल तरच ते वाहन मोटर वाहन ठरत नाही. नोंदणी नको, लायसन नको. 'लायसन लागत नाही' असे सांगून ताशी ४० ने पळणारी गाडी कुणी विकत असेल, तर तो आपल्याला फसवतो आहे. ज्यांना अधिक जोर हवा त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लूना आली आहे. तिची किंमत तेव्हा सुमारे ७० हजार रुपये होती, वेग ताशी ५० पर्यंत आणि एका चार्जमध्ये ११० किलोमीटर असा कंपनीचा दावा आहे. पण तिला नोंदणी आणि लायसन दोन्ही हवे. शिवाय कंपनीचे आकडे नेहमी सपाट रस्त्यावरचे समजावे; कोकणात त्यातून बराच भाग चढाला दान करावा.

हे सगळे झाले यंत्राविषयी. परंतु मला खरी काळजी वाटते ती घराविषयी. पावस, पाली, हातखंबा या बाजूंनी आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी विद्यार्थिनींचा प्रश्न एस.टी.चा नाहीच. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. प्रश्न आहे तो वाडीपासून फाट्यापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरचा; सकाळच्या अंधाराचा आणि संध्याकाळी चुकलेल्या गाडीचा. घरात वाहन आले तर ते मुलाच्या आवडीचे येते : उंच, जड, मागची सीट आकाशाकडे निघालेली. मग बहीण त्यावर मागे बसणार, आणि भावाला सवड नसेल त्या दिवशी तिचा तास बुडणार. ही 'दांडी' तिने मारलेली नसते. ती तिच्यावर लादलेली असते. तासांची हजेरी भरली नाही की घरचेच म्हणतात, कशाला एवढी यातायात, राहू दे शिक्षण. एका आडव्या नळीचा परिणाम इतक्या दूरवर पोचतो.

ऐट असू नये असे माझे म्हणणे नाही. तरुणपणी ऐट करायची नाही तर केव्हा करायची? पण चढ चढून घामाघूम न होता, कपडे न सावरता, वेळेवर वर्गात येऊन बसणे यासारखी दुसरी ऐट मला तरी दिसत नाही. तेव्हा मित्रांनो, यंदा घरी बॅटरीच्या गाडीचा विषय निघालाच तर आपला हट्ट थोडा आवरा. जी आजोबांना चढता येईल, आईला बाजारात नेता येईल आणि बहिणीला कुणाची वाट न पाहता फाट्यापर्यंत काढता येईल, अशी दांडी नसलेली गाडी मागा. आणि तिची किल्ली स्वतःच्या खिशात न ठेवता दाराजवळच्या खुंटीवर लावा.