आजीच्या मायेवर सरकारची बचत

“नातवंडं आजी सांभाळते, त्यात काय विशेष?” हा प्रश्न मी तहसील कचेरीत ऐकला आहे, ग्रामसभेत ऐकला आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्या चळवळीच्या बैठकांतही ऐकला आहे. म्हणून हे लिहिते आहे.

बीड जिल्ह्यात काम करताना एक आजी भेटली. सत्तरीच्या पुढची. लेक बाळंतपणात गेली. जावयाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि नव्या बायकोबरोबर ऊसतोडीला निघून गेला. दोन नाती आजीच्या पदरात. “लेकीची लेकरं हायेत ताई, टाकू व्हय कुठं?” एवढंच तिचं म्हणणं.

आम्ही बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला. योजना चांगली आहे. 2023 पासून तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि मुलामागे दरमहा 2250 रुपये ठरले आहेत. पण आईचा मृत्यू दाखला सासरच्या गावात. मुलींची नावं बापाच्या रेशनकार्डावर, म्हणजे त्यांच्या वाट्याचं माणशी 5 किलो धान्यही तिकडेच. बाल कल्याण समिती जिल्ह्याच्या गावी. प्रत्येक खेपेला एक मजुरी बुडायची. चौथ्या खेपेला टेबलापलीकडून उत्तर आलं, “आजी, बापाला घेऊन या.” ज्या बापाने पोरींकडे वळून पाहिलं नाही, त्याच्या सहीवाचून त्यांचा घास अडला!

हा एकट्या कारकुनाचा दोष नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. 1999 साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईसाठी दार थोडं किलकिलं केलं. आजी त्या यादीतच नाही. तिला पालक व्हायचं तर 1890 च्या कायद्याखाली न्यायालयात जाऊन, हयात असलेला बाप नालायक आहे हे सिद्ध करायचं. रोजंदारीवर जाणाऱ्या म्हातारीने हे कसं करायचं?

तिला श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये मिळतात, ते एका म्हाताऱ्या जिवासाठी ठरवलेले. घरात खाणारी तोंडं तीन.

पैसे दिले तर नातेवाईक पैशासाठीच मुलं ठेवतील, असं साहेब लोक म्हणतात. बालगृहांना मुलामागे अनुदान देताना ही शंका कुठे जाते? संस्थेत मूल वाढवणं हे काम, आणि आजीने वाढवणं ही माया! बायकांचं काम फुकट घ्यायचं असलं की त्याला माया म्हणायचं, ही पितृसत्तेची जुनी खोड आपल्या ओळखीची आहे.

आजीचं घर म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाही. “माझ्या मागं पोरींचं कोण?” या धास्तीने आजीच थोरल्या नातीचं लग्न लवकर उरकायला निघते, हे मी पाहिलं आहे. तिला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. तिच्या पश्चात मुलींना कोण सांभाळणार, हे तिच्या हयातीतच ठरवायची व्यवस्था नाही, हे खरं दुखणं आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. मूल प्रत्यक्ष कोण सांभाळतं, हे अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि ग्रामसेवक यांनी पंचनाम्याने ठरवावं. सोडून गेलेल्या बापाची सही मागू नये. मुलांची नावं सांभाळणारीच्या रेशनकार्डावर घ्यावीत. समितीने तालुक्याला येऊन बसावं. पैसे महिन्याच्या महिन्याला मिळावेत. आणि आजीनंतरचा पालक आजच नोंदवून ठेवावा.

मैत्रिणींनो, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं राज्य सरकारने बंधनकारक केलं. आईच्या नावासाठी आपण बायका वर्षानुवर्षं बोलत होतो. आजीबद्दल मात्र गप्प राहिलो. मी एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हा माझी तान्ही मुलगी माझ्या आईजवळ होती. शिबिरांना, मोर्च्यांना आपण जातो तेव्हा घरी मुलांजवळ बहुतेक वेळा कोण असतं, हे प्रत्येकीने आठवून पाहावं. त्या बाईचा हक्क मागायला आपल्याला एवढा उशीर का झाला, याचं उत्तर आधी आपण द्यायला हवं.