हिशेबात न धरलेला हिस्सा

आम्ही दोघे नवरा-बायको एकाच वर्गात वकिली शिकलो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. 1986 साली कोल्हापुरात आमची एलएल.बी. पूर्ण झाली. त्यानंतर वर्गातले कोणी कोर्टाच्या व्हरांड्यात भेटायचे, कोणी लग्नात, कोणी मयतीला. पण सगळा वर्ग एका छताखाली असा कधी आला नाही. त्याला निमित्त मिळाले ते सर्किट बेंचचे. मुंबई उच्च न्यायालयाचे बेंच कोल्हापूरला व्हावे म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. काळे कोट घालून उन्हात बसलेल्यांत आमच्या वर्गातलेही होते. ऑगस्ट 2025 मध्ये बेंच सुरू झाले आणि कोणीतरी म्हणाले, आता तरी भेटू या.

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही तीसेक जण जमलो. सकाळी एक चक्कर दसरा चौकात मारली. आमच्यापैकी एकाची कॉलेजातली वर्षे तिथल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये गेली. शाहू महाराजांच्या काळात, 1906 साली सुरू झालेल्या या वसतिगृहाने गावागावांतल्या किती मुस्लिम पोरांना शहरात शिकण्यापुरते छप्पर दिले, याची मोजदाद नाही. तिथे दोन मिनिटे उभे राहिलो आणि मग हॉलवर गेलो.

जेवणाआधी प्रत्येकाने उठून आपली हकीकत सांगायची, असे ठरले होते. नाव, गाव, काम, मुलेबाळे. वेळ दोन मिनिटे. वकिलांना दोन मिनिटे देणे म्हणजे काय, ते सांगायला नको. एक जण जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाला होता. वर्गात तोंड न उघडणारा हा माणूस निकाल देऊन देऊन बोलका झाला होता. एकाने वकिली सोडून मार्केट यार्डातली वडिलांची गुळाची पेढी सांभाळली. "एकही तारीख पडली नाही, रोज निकाल," असे म्हणून त्याने सगळ्यांना हसवले. रत्नागिरीचा मित्र आयुष्यभर मोटार अपघाताचे दावे चालवतो. एक बँकेत विधी अधिकारी होती. एकीची लेक परीक्षा देऊन न्यायाधीश झाली आहे, ते सांगताना तिचा आवाज भरून आला. चौघे आता या जगात नाहीत. त्यांची नावे घेतली तेव्हा सगळे उभे राहिलो.

वर्गात आम्ही मुस्लिम विद्यार्थी पाच होतो. तीन मुलगे, दोन मुली. एप्रिल 1985 मध्ये शाहबानो खटल्याचा निकाल आला तेव्हा आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. महिना 179 रुपये 20 पैसे पोटगीचा तो खटला. सगळा वर्ग आमच्याकडे वळून बघायचा, जणू उत्तर आमच्या वहीतच लिहिलेले आहे. आम्हा पाचांतही एकमत नव्हते. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ लावला. मग 2017 चा तीन तलाकचा निकाल आला, 2019 चा कायदा आला. या सगळ्यावर आम्ही बोललो, भांडलो, या सदरातही लिहिले. त्या दिवशी हॉलमध्येही बोलणे फिरून तिथेच आले.

शेवटी ती उठली, पाचांतली दुसरी मुलगी. वर्गात आमच्यापेक्षा तिला कायम चार गुण जास्त पडायचे. 1989 साली न्यायमूर्ती फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, तेव्हा तिने आम्हाला आंतरदेशीय पत्र पाठवले होते. पाळण्यातल्या लेकराला झोका देत वर्तमानपत्र वाचते आहे, असे त्यात लिहिले होते. लग्नानंतर तिने सनद घेतली, पण कोट चढवला नाही. सासर मोठे होते, माणसे आजारी होती, मुले लहान होती.

ती म्हणाली, "माझी हकीकत एवढीच. मी कायदा शिकले. मुलं मोठी केली, दोघं आपापल्या पायांवर उभी आहेत, अलहमदुलिल्लाह. आणि आयुष्यात एकच दस्त मी नीट वाचला. अब्बांच्या घराचं माझं स्वतःचं हक्कसोडपत्र. त्यात गट नंबर चुकला होता. मी तो दुरुस्त करून दिला आणि सही केली."

काही जण हसले, आणि लगेच गप्प झाले. तिने कोणावर रोख ठेवला नव्हता. भावांची नावे घेतली नाहीत, रडली नाही. दोन मिनिटांच्या आत बसली. दुय्यम निबंधक कार्यालयासमोर टेबल टाकून दस्त लिहिणारा आमचा एक मित्र मात्र हळूच म्हणाला, "आमच्याकडे हे रोजचंच आहे. सगळ्या जातीधर्मांच्या बायका येतात. सही करताना बाई कागदाकडे बघत नाही, भावाच्या तोंडाकडे बघते."

जेवण चांगले होते. तांबडा-पांढरा रस्सा होता. आम्हा दोघांना मात्र घास गोड लागला नाही, कारण आमच्या कपाटातही असा एक कागद आहे.

1998 साली आमच्या सासऱ्यांचे, म्हणजे आमच्यापैकी एकाच्या वालिदांचे निधन झाले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मागे दोन मुलगे, एक मुलगी आणि राहते घर. बहीण इचलकरंजीला दिलेली. ती एस.टी.ने आली, कडेवर धाकटा मुलगा होता. हक्कसोडपत्राचा मसुदा आमच्यापैकी एकाने केला. दुसरीने साक्षीदार म्हणून सही केली. दोघेही वकील. दस्तात लिहिले, "स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय." बहिणीला साडी घेतली, मिठाई दिली, स्टँडवर सोडून आलो. तेव्हा आमच्या मनाला काही लागले नाही. सगळीकडे असेच होते, आणि तिने काही मागितलेही नव्हते.

व्याख्यानाला बोलावले की आम्ही काय सांगतो? बघा, आपल्या हिंदू भगिनींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळायला महाराष्ट्रात 1994 साल उजाडले आणि देशभरात 2005. आणि कुरआन शरीफच्या सूरह निसामध्ये लेकीचा हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वी ठरवून दिला आहे. टाळ्या पडतात. हे खोटे नाही. पण ठरवून दिलेला हिस्सा तिच्या हातात पडला का, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना आम्ही कधी विचारले नाही. विचारले असते तर त्यांनीही आम्हाला विचारले असते.

वाचकांपैकी पुष्कळांना हिशेब नेमका माहीत नसतो, म्हणून इथे थोडक्यात देतो. मय्यताचा दफनखर्च आणि देणी आधी फेडायची. बायकोचा न दिलेला मेहेर हेही देणेच आहे, ते वाटणीच्या आधी द्यायचे. मग वसियत असेल तर ती, जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत. उरलेल्या मिळकतीत विधवेचा, मुले असतील तर, आठवा हिस्सा. राहिलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. समजा मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. मिळकतीचे 40 भाग केले तर पत्नीला 5, प्रत्येक मुलाला 14 आणि मुलीला 7. हनफी असोत वा कोकणातले आमचे शाफई बांधव, मुलीचा हिस्सा तोच. 1937 च्या शरियत कायद्यात शेतजमिनीचा अपवाद आहे, त्यामुळे सातबाऱ्याचा प्रश्न असेल तर वकिलाला कागद दाखवूनच पुढे जावे.

दोन गैरसमज आम्ही रोज ऐकतो. पहिला : "तिच्या लग्नात खर्च केला, तोच तिचा हिस्सा." नाही. लग्नाचा खर्च बापाने आपल्या खुशीने केला. वारसा सुरू होतो तो बापाच्या मृत्यूनंतर. भावाच्या शिक्षणाचा, त्याच्या दुकानाच्या पागडीचा खर्च कोणी त्याच्या हिश्श्यातून वळता करत नाही. मग तिच्याच मांडवाचा हिशेब का? दुसरा : "अब्बा असतानाच तिने लिहून दिलं होतं, मला काही नको." बाप हयात असताना वारसाहक्क जन्मालाच आलेला नसतो. जे अजून मिळालेले नाही ते नुसते 'नको' म्हणून सोडता येत नाही. त्या वेळी काही मोबदला घेतला असेल तर मामला वेगळा होऊ शकतो, तेव्हा सल्ला घ्यावा.

मृत्यूनंतर, समजून-उमजून एखाद्या बहिणीने आपला हिस्सा भावाला दिला तर तो तिचा अधिकार आहे. पण उलमा सांगतात ते आम्हा वकिलांनाही पटते : आधी हिस्सा तिच्या हातात द्या. पैसे तिच्या खात्यात जाऊ द्या, प्रॉपर्टी कार्डावर तिचे नाव लागू द्या. मग तिला भावाला काही द्यावेसे वाटले तर ती देईल. हातात न आलेली वस्तू सोडायला लावायची आणि त्याला 'स्वखुशी' म्हणायचे, हे आम्ही केले.

कोल्हापूरहून परतताना गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. घरी आल्यावर कपाटातून दस्त काढला आणि वहीत हिशेब मांडला. पाच भाग. दोन, दोन आणि एक. घराची आजची किंमत 40 लाख धरली तर बहिणीचे 8 लाख होतात. त्यातले निम्मे आमच्याकडे आले, निम्मे धाकट्या भावाकडे. कायद्याने ती आता काही मागू शकत नाही. दस्त नोंदवलेला आहे आणि तो आम्हीच पक्का केला आहे. उरते ते अल्लाहपुढचे देणे. आम्ही मुदत ठेव मोडली आणि पुढच्या आठवड्यात इचलकरंजीला गेलो.

तिने आधी चहा केला. आम्ही सगळे सांगितले, वही दाखवली. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भाईजान, तेव्हा माहीत होतं मला. भाभीपण वकील, तुम्हीपण वकील. मी बोलले असते तर माहेर बंद झालं असतं. ईदला कुठे आले असते मी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. तिचे यजमान 2004 साली गेले. त्यानंतर दोन वर्षे तिने शिलाई मशीनवर घर चालवले, आणि आम्ही ईदीच्या पाकिटात नोटा घालून स्वतःला मोठ्या मनाचे समजत होतो. तो पैसा तिचाच होता, थोडा थोडा करून आम्ही उपकारासारखा देत होतो.

चेक हातात घेऊन तिने विचारले, "हे तुम्ही मला देताय, की हे माझं आहे?"

"तुझंच आहे."

"मग शुक्रिया म्हणणार नाही," ती म्हणाली, आणि चेक पदराच्या टोकाला न बांधता सरळ बँकेच्या पासबुकात ठेवला.

धाकट्या भावाशी बोलणे चालू आहे. त्याने अजून होकार दिलेला नाही. त्याची अडचण खरी आहे. दोन मुलींची लग्ने आहेत, दुकान मंदीत आहे. एकरकमी जमत नसेल तर हप्त्याने दे, पण तिच्यासमोर आकडा मान्य कर, असे आम्ही त्याला सांगितले आहे. त्याच्या वाट्याचे आम्ही परस्पर देऊन मोकळे व्हावे, असेही मनात आले. पण मग त्याचे देणे फिटेल कसे? दुआ करा.

वर्गातल्या त्या मैत्रिणीला आम्ही फोन केला. झाले ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "चला, माझ्या दोन मिनिटांनी एक केस तरी निकाली निघाली." तिचे भाऊ हे मासिक वाचतात की नाही, आम्हाला माहीत नाही. वाचत असतील तर गट नंबर कोणी दुरुस्त केला होता, ते त्यांना आठवेल.

रमजान तोंडावर आला आहे. घरोघरी आता जकातीच्या वह्या निघतील. सोने किती, रोकड किती, दुकानात माल किती, सगळे मांडले जाईल. त्या वहीत यंदा एक ओळ वाढवा : बहिणीचा, फुफीचा, आईचा हिस्सा आपल्याकडे राहिला आहे का? असेल तर तो रकमेसह लिहा. जो पैसा आपला नाही, त्याची जकात काढून तो आपला होत नाही.