आधी साय, मग दूध

अमेरिकेतील व्हेरिएबल अॅन्युइटीतून, म्हणजे विमा कंपनीशी केलेल्या गुंतवणूक-करारातून, मुदतीआधी पैसे काढल्यास कर किती लागतो, याविषयी एक मत मोठ्या हिरिरीने मांडले जाते. गुंतवलेल्या पैशांवर कर आधीच भरलेला असतो. म्हणून काढलेल्या रकमेत मुद्दलाचा वाटा जेवढा, तेवढी रक्कम करमुक्त. उरलेल्यावर फार तर दहा टक्के दंड. आणि इतकी वर्षे लांबलेला कर म्हणजे वाचलेलाच कर. ऐकायला गोड आहे. खरे असते तर आणखी गोड लागले असते.

या मताच्या डोळ्यांपुढे सरबत आहे. साखर सगळीकडे सारखी विरघळलेली. कुठलाही घोट घ्या, गोडी तीच. अमेरिकी प्राप्तिकर संहितेचे ७२वे कलम मात्र दूध तापवून ठेवते. नफा सायीसारखा वर, मुद्दल खाली. चमचा घातला की आधी साय येते. समजा, निवृत्ती खात्याबाहेर घेतलेल्या करारात १,००,००० डॉलर भरले, त्यांचे १,४०,००० झाले आणि वयाच्या ५२व्या वर्षी मालकाने ३०,००० काढले. सरबताच्या हिशेबाने करपात्र रक्कम ८,६०० डॉलरच्या आसपास येते. कायद्याच्या हिशेबाने पूर्ण ३०,०००. नफ्याचे ४०,००० संपेपर्यंत मुद्दलाच्या एका डॉलरलाही हात लागत नाही. कराचा दर २४ टक्के धरला तर ७,२०० डॉलर गेले; वय साडेएकोणसाठच्या आत, म्हणून करपात्र रकमेवर आणखी १० टक्के, म्हणजे ३,००० गेले. हाती उरले १९,८००. राज्याचा कर आणि विमा कंपनीचा सरेंडर चार्ज यात धरलेलाच नाही.

‘पूर्वी असे नव्हते’ ही पळवाटही चालत नाही. १४ ऑगस्ट १९८२ पूर्वी भरलेल्या रकमेला आधी मुद्दल, मग नफा असा क्रम होता. म्हणजे तेव्हाही दूधच होते, फक्त चमचा तळाशी जात होता. अशा उचलीला सरबताचा नियम तेव्हाही नव्हता. पैसे न काढता करार तारण ठेवून कर्ज घेण्याची युक्तीही जुनीच; कायदा त्या कर्जालाही उचलच मानतो. एकाच कंपनीकडून एकाच वर्षी चार करार घेऊन कमी नफ्याचा तेवढा मोडावा, तर हिशेबात चारही करार एकच धरले जातात.

लांबलेला कर वाचला म्हणणे म्हणजे उधारीला कमाई म्हणणे. शिवाय अॅन्युइटीतला नफा सामान्य उत्पन्न ठरतो. त्यावरचा केंद्रीय दर ३७ टक्क्यांपर्यंत जातो. तोच नफा शेअर दीर्घकाळ ठेवून झाला असता तर हा दर २० टक्क्यांवर थांबला असता. येथे ‘आतली गुंतवणूक शेअरचीच आहे’ हा जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. १९५९च्या न्यायालयीन निकालाने व्हेरिएबल अॅन्युइटी रोखे कायद्याखाली आणली, हे खरे. पण प्राप्तिकर तिला अॅन्युइटीच समजतो. विकताना विमा, मिरवताना शेअर आणि कर भरताना दोन्ही नाही, अशी सोय कोणत्याच कायद्यात नाही.

‘फक्त दहा टक्के’ हे करावरचे ओझे आहे, कराऐवजीचे नव्हे. मृत्यू, अपंगत्व, आयुर्मानावर बेतलेले समान हप्ते अशा मोजक्या सवलती आहेत. घर घेणे किंवा मुलांची फी भरणे त्यांत बसत नाही. न्यू जर्सीचे बिऱ्हाड हलवून पुण्याला परतणेही बसत नाही.

मग अॅन्युइटी कशासाठी? ज्याला हे पैसे साडेएकोणसाठीपर्यंत लागणार नाहीत आणि पुढे नियमित उत्पन्न हवे आहे, त्याच्यासाठी. करार हप्त्यांत बदलला की मुद्दल अपेक्षित हप्त्यांवर वाटले जाते आणि मुद्दल वसूल होईपर्यंत प्रत्येक हप्त्याचा तेवढा भाग करमुक्त राहतो. सरबत आहे ते इथे. घाईने चमचा घालणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही.