हिंदूरावजवळच्या सुया
दिल्लीच्या रिजवरच्या हिंदूराव रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे ते हिंदूराव घाटगे कागलचे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. त्याच परिसरात राहत असताना माझा गुडघा धरला आणि शेजारच्या काकूंच्या आग्रहामुळे मी अ‍ॅक्युपंक्चर करून घेतलं. केसासारखी बारीक सुई. टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग आत जड झिणझिण्या. सहा बैठकांनंतर जिना उतरता येऊ लागला. पण हाडांच्या डॉक्टरांनी दिलेले व्यायामही तेव्हा चालूच होते, म्हणून सगळं श्रेय मी सुयांना देत नाही. पुढे दुसऱ्या एका उपचारकाने मधुमेहाच्या गोळ्या सोडायला सांगितल्या, तेव्हा मी तिथून उठले ते कायमचीच. ही विद्या भारतात रुजवणारे कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू १९३८ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी चीनला गेले होते. ते आधी डॉक्टर होते, सुया त्यांच्या हाती पुढे आल्या. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. सुया जरूर घ्या, पण पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा आणि चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.