एका माणसाचा राक्षस

गेल्या रविवारी आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. आमची आठ वर्षांची नात टीव्हीसमोर बसून 'बॉम्बरमॅन' नावाचा व्हिडिओ खेळ खेळत होती. त्यातील एका बुटक्या, गुबगुबीत बाहुल्याच्या डोक्यावर भलामोठा त्रिकोणी लोखंडी टोप होता. तो पाहून ती खदखदून हसली. कॉलेजात जाणारा तिचा थोरला भाऊ मात्र हसला नाही. "आजोबा, हा खरं तर हसण्यासारखा नाही. याची मूळची गोष्ट फार दुःखाची आहे," असे तो आम्हांस म्हणाला. ती गोष्ट आम्ही त्याच्याकडून ऐकली, त्याच्या शेजारी तीन रात्री बसून मूळ खेळही पाहिला. त्यावरून जे विचार मनात आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा मूळ खेळ म्हणजे 'सायलेंट हिल 2'. जपानच्या कोनामी कंपनीने तो 2001 साली काढला. जेम्स संडरलँड नावाच्या गृहस्थास तीन वर्षांपूर्वी वारलेल्या पत्नीचे पत्र येते की, मी अमुक गावी तुमची वाट पाहत आहे. धुक्यात बुडालेल्या त्या अमेरिकन गावी तो जातो, आणि तेथे नाना विद्रूप आकृती त्याच्या वाटेत येतात. त्यांतील सर्वांत भयंकर तो हा 'पिरॅमिड हेड'. मासाहिरो इतो या चित्रकाराने तो घडविला. त्याला चेहरा नाही, वाचा नाही. प्रचंड सुरा फरफटवीत तो येतो एवढेच. पत्नीसारखीच दिसणारी मारिया नावाची एक स्त्री जेम्सला भेटते आणि हा राक्षस तिला त्याच्या डोळ्यांदेखत पुनःपुन्हा मारतो.

हे असे का, याचा उलगडा अखेरीस होतो. आजारी पत्नीला जेम्सने स्वतःच उशीने गुदमरवून मारलेले असते, आणि ती गोष्ट त्याने स्वतःपासूनच लपविलेली असते. आपल्याला कोणीतरी शिक्षा करावी ही त्याच्या मनाची गरज. तिनेच या राक्षसाला उभे केले. जेम्स हे कबूल करतो, तेव्हा शेवटच्या झुंजीनंतर समोर उभे असलेले दोन पिरॅमिड हेड स्वतःच्याच भाल्याने प्राण देतात. गुन्हेगाराने गुन्हा पत्करला की वधकऱ्याचे काम उरत नाही. व्हिडिओ खेळात इतका खोल विचार असेल अशी आमची कल्पना नव्हती, हे कबूल करणे भाग आहे.

नाटकांच्या रसिकांस ही गोष्ट परकी वाटू नये. मॅकबेथच्या मेजवानीत बँक्वोचे भूत एकट्या मॅकबेथलाच दिसते. इतर पाहुण्यांस ती खुर्ची रिकामी असते. आगरकरांनी 'विकारविलसित' म्हणून ज्या हॅम्लेटचे मराठी रूपांतर केले, त्यातही राणीच्या महालात पित्याचे भूत फक्त मुलाच्याच दृष्टीस पडते. अशी भुते सार्वजनिक नसतात. ती एकेका माणसाच्या मनाशी बांधलेली असतात.

आता या राक्षसाचा पुढील प्रवास पाहा. 2006 साली तो चित्रपटात आला, आणि त्यात जेम्स नव्हताच! 2008 साली तो 'न्यू इंटरनॅशनल ट्रॅक अँड फील्ड' या खेळात चक्क मैदानी शर्यतींत उतरला. 2012 च्या दुसऱ्या चित्रपटात तो नायिकेचा रक्षणकर्ता झाला. 2017 साली 'सुपर बॉम्बरमॅन आर'मध्ये त्याचा तो गोजिरवाणा बाहुला झाला, ज्याला पाहून आमची नात हसली. 2020 साली 'डेड बाय डेलाइट' या खेळात तो इतर अनेक खुन्यांच्या पंगतीत जाऊन बसला. खुद्द इतो यांनी, हे पात्र आपण घडविलेच नसते तर बरे झाले असते, अशा अर्थाचे उद्गार जाहीरपणे काढले आहेत. त्यांचा वैताग आम्ही समजू शकतो.

राक्षसाने घर सोडूच नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. आपला कोकणातील शंकासुर पाहा. वेद पळविणारा हा दैत्य दशावतारात येऊन लोकांस हसवितो आणि शिमग्यात पोरांच्या मागे धावतो. त्यात त्याचे काही बिघडत नाही, कारण तो पहिल्यापासून साऱ्या गावाचा आहे. पिरॅमिड हेड एकट्या जेम्सचा आहे. त्याच्यामागचा अपराध काढून घेतला की शिक्षेची नुसती क्रूरता उरते. तीही काढून घेतली की उरतो एक टोप. व्यापाराला टोप पुरतो, कारण तो लांबून ओळखू येतो.

आपल्यासारख्या, होळकरांच्या काळापासून माळव्यात राहिलेल्या कुटुंबांस हा भेद चटकन समजावा. वाडवडिलांनी येताना पुष्कळ गोष्टी बरोबर आणल्या. ज्यांचे कारण घरात सांगितले जात राहिले त्या टिकल्या. ज्यांचे कारण सांगणारे गेले त्या आज समारंभापुरत्या पोशाखासारख्या उरल्या आहेत. वस्तू दूर गेल्यामुळे पोकळ होत नाही, तिची गोष्ट मागे राहिली म्हणजे होते.

2024 साली पोलंडच्या ब्लूबर टीम या संस्थेने मूळ खेळ नव्याने रचला आणि राक्षस पुन्हा जेम्सच्या पुढ्यात आला, ही समाधानाची गोष्ट होय. तो खेळ मोठ्यांचा आहे, नातीच्या वयाला योग्य नाही. पण तिने विचारले, "तो असा टोप का घालतो?" तेव्हा आम्ही तिला एवढेच सांगितले की, एका माणसाने फार वाईट गोष्ट केली आणि ती कोणालाच सांगितली नाही, म्हणून हा आला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सांगितली असती तर आला नसता?"

मुलांचे हसणे थांबवू नये. पण घरातील वडीलधाऱ्यांनी अधूनमधून त्यांच्या शेजारी बसावे, आणि पडद्यावरचा हा पाहुणा कोणाच्या घरून आला, एवढी चौकशी जरूर करावी.