खोदणाऱ्याचे काय जाते?

समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये पालघर जिल्ह्याची जी सपाट पट्टी आहे, ती रुंदीने फार मोठी नाही. पण मुंबईहून उत्तरेकडे जे जे म्हणून जाते, त्या सर्वांना याच पट्टीतून वाट काढावी लागते. पश्चिम रेल्वे वैतरणा ओलांडून सफाळे, पालघर, बोईसर, डहाणू अशी येथूनच गेली. अहमदाबादचा महामार्गही येथूनच गेला. विरार-डहाणू लोहमार्गाचे चौपदरीकरण, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, विरार व बोईसर ही स्थानके योजलेला बुलेट ट्रेनचा मार्ग, वडोदऱ्याकडे जाणारा द्रुतगती महामार्ग आणि सूर्येचे पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदरला पोहोचविणाऱ्या जलवाहिन्या यांच्यासाठी ही भूमी गेली कित्येक वर्षे खणली जात आली आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पापर्यंत रस्ते आणि रूळ न्यायचे, तर खोदकाम वाढणार हे उघड आहे.

खोदकाम होते याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती अशी की, जमिनीच्या पोटात आधीपासून काय आहे याची चौकशी केल्यावाचून यंत्राचा दात जमिनीत घुसविला जातो, आणि तिथे असलेली ऑप्टिकल फायबरची केबल तुटली की तालुक्याचा तालुका मुका होतो. असे झाले म्हणजे 'नेट गेले' असे आपण म्हणतो. 'पाऊस गेला', 'दिवस गेले' या धर्तीचे हे वाक्य आहे. जणू कोणी काही केलेच नाही! वस्तुतः नेट जात नाही, ते कोणीतरी तोडलेले असते.

त्याचे परिणाम कोणावर होतात हे शिक्षकांना आणि कारकुनांना सांगावयास नको. 'शालार्थ'वर वेतनदेयक भरण्याची मुदत उद्या संपत असते आणि आज पडद्यावर चक्र फिरत राहते. प्रवेशाच्या अर्जाची अखेरची तारीख सर्व्हर ठरवितो. विद्यार्थ्याच्या गावी केबल तुटली आहे हे त्या सर्व्हरला ठाऊक नसते. माझ्याच वर्गातील मुले मोबाइलला एखादी रेघ तरी मिळावी म्हणून दुसऱ्या गावी जाऊन अर्ज भरून आलेली मी पाहिली आहेत. आणि मोबाइल तरी कसा चालावा? बिनतारी म्हणून ज्याचे कौतुक होते त्या मोबाइलचा मनोराही पुष्कळ ठिकाणी याच तारेवर जगतो. तारापूरच्या कारखानदाराची बिले अडतात, त्याचा गवगवा होतो. परंतु शिधावाटप दुकानात यंत्र अंगठा स्वीकारीत नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन परत जाणाऱ्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो, तो कोणत्याच हिशेबात धरला जात नाही.

मुळात ही वस्तू किती नाजूक आहे, याची कल्पना असावी. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तंतूंतून प्रकाश धावतो. असे अनेक तंतू एका केबलीत असतात. हा तंतू तुटल्यावर तांब्याच्या तारेसारखा पीळ देऊन जोडता येत नाही. कुठे तुटला ते एका उपकरणाने प्रकाशाचा ठोका धाडून शोधावे लागते, तिथे खड्डा करून टोके वर काढावी लागतात, आणि मग एकेक तंतू विजेच्या ठिणगीने वितळवून दुसऱ्याशी सांधावा लागतो. हे काम करणारी माणसे बहुधा कंत्राटावरची असतात आणि आषाढातल्या रात्री रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसून ते करीत असतात. त्यांचा पत्ता कोणी विचारीत नाही, विचारतात तो फक्त 'अजून किती वेळ' एवढेच.

आता प्रश्न असा की, एवढे नुकसान होत असताना ते थांबत का नाही? बेफिकिरी हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. माझ्या विषयाच्या भाषेत सांगायचे तर येथे बेफिकिरी किफायतशीर आहे. जेसीबी तासाच्या भाड्याने आणलेला असतो. केबल कुठून गेली आहे याची चौकशी करीत बसले तर भाडे चढत राहते, शिवाय पावसापूर्वी काम पुरे करण्याचा तगादा असतो. उलट केबल तुटली तर खोदणाऱ्याचे काय जाते? बहुतेक वेळा काहीच नाही. ज्यांचे जाते ते हजारो असतात, विखुरलेले असतात आणि प्रत्येकाचे थोडे थोडे जाते. एकाचे कृत्य आणि दुसऱ्याच्या माथी त्याची किंमत, या प्रकाराची मीमांसा पिगू यांनी १९२० सालीच केली होती. पुढे १९६० मध्ये रोनाल्ड कोस यांनी असे दाखविले की, वाटाघाटींना खर्च येत नसेल तर दोन्ही पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात. पण विक्रमगडच्या दुकानदाराने आणि बोईसरच्या विद्यार्थ्याने कंत्राटदाराशी वाटाघाटी करावयाच्या तरी कोठे? अशा ठिकाणी जबाबदारी कायद्यानेच ठरवून द्यावी लागते.

कायदा नाही असेही नाही. १८८५ च्या जुन्या तार कायद्यातच अशी तरतूद होती की, ज्याच्या कामामुळे तारेला इजा होण्याचा संभव आहे त्याने महिनाभर आधी लेखी सूचना द्यावी. न देता इजा केली तर दुरुस्तीचा खर्च भरावा आणि दळणवळण खंडित झाले तर वर हजार रुपयांपर्यंत दंडही सोसावा. त्या काळी हजार रुपये ही रक्कम जरब बसविणारी होती. पुढे रुपयाची किंमत घसरत गेली. कलमातला हजाराचा आकडा मात्र तसाच राहिला. दूरसंचार सुरक्षिततेचे २०२२ चे नियम जानेवारी २०२३ मध्ये जारी झाले. खोदण्यापूर्वी सूचना देण्याचे बंधन आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्यांत आहे. पाठोपाठ २२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप सुरू झाले. बेताल खोदकामाने देशाचे वर्षाला सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, हे सरकारनेच त्या वेळी सांगितले. अमेरिकेत २००७ पासून ८११ हा एकच क्रमांक याच कामासाठी देशभर चालतो. आपल्याकडे व्यवस्था कागदावर तरी त्याच धर्तीची आहे.

तथापि सूचना देणाऱ्याला उत्तर मिळाले पाहिजे, आणि येथे केबलवाल्या कंपन्यांचेही पितळ उघडे पडते. फायबरची केबल सुमारे १६५ सेंटिमीटर खोल पुरावी असा मानदंड आहे. प्रत्यक्षात खडक लागला की ती वर येते, आणि जव्हार-मोखाड्याकडे खडक लागायला फार खोल जावे लागत नाही. रस्ता रुंद झाला की कडेची केबल डांबराखाली जाते आणि नकाशा जुनाच राहतो. काही कंपन्या तर आपला मार्ग हे व्यापारी गुपित मानतात. गुपित जपायचे आणि ते न ओळखल्याबद्दल दुसऱ्याला दोष द्यायचा, हे न्यायाचे नव्हे. मग शेवटी कुदळ हाती असलेल्या मजुराला पोलिसात नेतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार आहे.

अज्ञानाने खोदण्याची किंमत कुठवर जाते याचे उदाहरण शेजारीच आहे. ठाण्यात कूपनलिका खोदताना मुंबईच्या जलबोगद्याला भोक पडले आणि त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईत पंधरा टक्के पाणीकपात जाहीर झाली. तारापूरच्या परिसरात तर केबलीशेजारी नवापूरच्या समुद्राकडे सांडपाणी नेणारी वाहिनीही आहे. जो केबल न पाहता खोदतो तो ती वाहिनीही न पाहताच खोदणार.

केबल तुटली तरी दळणवळण तुटू नये, असाही एक उपाय आहे. रेषेऐवजी वर्तुळाकार जाळे घातले की एका बाजूला खंड पडला तरी दुसऱ्या बाजूने वाट राहते. २०११ मध्ये जॉर्जियात तांबे शोधणाऱ्या एका वृद्धेने केबल तोडल्याची आणि शेजारच्या आर्मेनियाचे इंटरनेट काही तास बंद पडल्याची बातमी जगभर गाजली. लोक त्या बाईला हसले. पण अख्खा देश एका तारेवर टांगून ठेवणाऱ्यांना हसायला हवे होते. ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या 'भारतनेट'मध्ये हा वर्तुळाचा विचार २०२३ च्या सुधारित योजनेत झाला, हे उशिरा का होईना, बरे झाले. परंतु वर्तुळाच्या दोन्ही बाजू एकाच महामार्गाच्या कडेने नेल्या तर ते वर्तुळ नकाशापुरतेच राहील, आणि आपल्या चिंचोळ्या पट्टीत हा मोह फार आहे. दुसरी बाजू मनोर-विक्रमगड-जव्हारच्या अंगाने न्यावयाची तर खर्च वाढेल. तो धरला पाहिजे.

अ‍ॅप, नियम, वर्तुळ हे सारे असूनही एक साधी गोष्ट राहून जाते. रस्त्याच्या किंवा जलवाहिनीच्या निविदेत खोदकामाचा दर घनमीटरला असतो. खोदण्यापूर्वी हाताने शोधखड्डा घेऊन खाली काय आहे ते पाहण्याचे काम त्या निविदेत स्वतंत्र बाब म्हणून दाखविलेले नसेल, तर कंत्राटदाराने पदरमोड करून ते करावे अशी अपेक्षा बाळगणे हे नीतिशास्त्र झाले, अर्थशास्त्र नव्हे. ती बाब निविदेत घालावी, तिचे पैसे द्यावेत, आणि अ‍ॅपवरची सूचना व शोधखड्ड्याची नोंद देयकाला जोडल्याखेरीज पहिला हप्ता देऊ नये. केबल तुटलीच तर भरपाई त्याच देयकातून कापावी. आणि कंपनीचा नकाशा चुकीचा निघाला तर तिने ती सोसावी. यासाठी विधिमंडळात नवा कायदा आणावा लागत नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग, औद्योगिक विकास महामंडळ आणि जिल्हा परिषद यांनी आपापल्या निविदेच्या नमुन्यात दोन ओळी वाढविल्या तरी पुरे. वाढवणकडे जाणाऱ्या रस्त्यांची आणि रुळांची कामे समोर असताना या दोन ओळी त्यांत आहेत की नाहीत, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी आताच विचारावे.